पूर्ण किंमत भरणारा माणूस

जगातली कोणतीही सवलत, ती दुसऱ्या कोणाला तरी मिळालेली नाही हे कळल्याशिवाय गोड लागत नाही. हे तत्त्व मोठमोठ्या अर्थशास्त्रज्ञांना माहीत आहे की नाही याची मला कल्पना नाही. पण हॅकेट्स नॉच गावच्या स्की टेकडीची दर समिती गेली कित्येक वर्षं याच एका तत्त्वावर चालली आहे, आणि सदर समितीचा चिटणीस या नात्याने मी हे अभिमानाने नमूद करतो.

आमची टेकडी स्वतंत्र आहे. स्वतंत्र म्हणजे तिला विकत घ्यायला अजून कोणी तयार झालेलं नाही. (एकदा एका मोठ्या कंपनीचा माणूस आला होता. गाडीतून उतरला, वर पाहिलं, 'बाकीची कुठे आहे?' असं विचारलं आणि कॉफी पिऊन परत गेला.) टेकडीला एक लिफ्ट आहे, दोन-दोन माणसांच्या खुर्च्यांची. ती दुसऱ्या एका टेकडीने मोडीत काढली तेव्हा आम्ही आणली. खाली एक लाकडी शेड, शेडमध्ये लाकडं घालायची शेगडी, शेगडीच्या बाजूला स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघरात मॅरिएटा गोकी. आमच्या या अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यात याहून मोठ्या टेकड्या पुष्कळ आहेत. पण तिथे मॅरिएटाचं बीन्सचं सूप मिळत नाही, आणि लिफ्ट मध्येच अडली तर चालवणारा खालून तुमचं नाव घेऊन 'जरा दम धर' असं ओरडत नाही.

हिवाळाभर मनसोक्त घसरता यावं म्हणून आम्ही हंगामाचा पास विकतो. तो विकायचा वसंतात, बर्फ वितळून रस्त्यांचा राडा झालेला असताना. पुढच्या हिवाळ्यात बर्फ पडेल की नाही हे तेव्हा गिऱ्हाइकालाही ठाऊक नसतं आणि आम्हालाही, त्यामुळे व्यवहार बरोबरीचा होतो. सभासदांची वार्षिक सभाही आम्ही याच चिखलाच्या दिवसांत घेतो. त्या दिवसांत कोणाचीच गाडी गावाबाहेर निघत नाही, त्यामुळे गणपूर्तीची चिंता राहत नाही.

पासाची किंमत ठरवण्यासाठी मोठ्या कंपन्या गणिती लोक पगार देऊन ठेवतात म्हणे. आमच्याकडे लिओना पेल्की आहे. गावातलं खिळे-रंग-फावड्यांचं दुकान तिचं, आणि समितीची अध्यक्षही तीच. सभेत कोणी उभं राहून सवलत मागितली की लिओना फक्त एवढंच विचारते, 'कोणाचा विरोध?' आमच्याकडे मतदान हात वर करून होतं. शेजाऱ्याच्या डोळ्यांदेखत त्याच्याविरुद्ध हात वर करायचा आणि पुढच्या वादळात बर्फ उपसायला त्याच्याकडेच ट्रॅक्टर मागायला जायचं, एवढ्या धाडसाचा माणूस आमच्या गावात अजून जन्माला यायचा आहे. त्यामुळे आजपर्यंत एकही सवलत नामंजूर झालेली नाही.

मात्र खर्च तर भागला पाहिजे. म्हणून एखादी सवलत मंजूर झाली की मी पूर्ण किंमत त्या हिशेबाने वर नेतो. पूर्ण किंमत वर गेली की प्रत्येकाची सवलत आपोआप मोठी दिसते, आणि सवलत मोठी दिसली की लोक आनंदात घरी जातात. या पद्धतीत खोट कुठे आहे हे शोधायला आम्ही एकदा बाहेरचा हिशेबतपासनीस नेमला होता. त्याला आता हिशेबतपासनीस सवलत मिळते.

सध्या सवलतीस पात्र असलेल्यांची सगळी यादी देत बसत नाही, पण वानगीदाखल सांगतो. गावात जन्मलेले. गावातच जन्मले असते, पण त्या दिवशी रस्ता बंद असल्यामुळे शेजारच्या गावी जन्मले ते. विद्यार्थी, आणि पूर्वी कधी विद्यार्थी असलेले. पासष्टीच्या पुढचे (ही मर्यादा वाढवून सत्तर करावी अशी एकाने सूचना केली होती, पुढच्या दोन रांगा मागे वळून त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या आणि सूचना त्याने आपणहून मागे घेतली). गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले, दर गुडघ्यास पंधरा टक्के. लिफ्टला ग्रीस लावणारे आणि ग्रीस लावणाऱ्याची शिडी धरणारे. ज्यांच्या जमिनीवरून उतार जातो ते, आणि ज्यांच्या जमिनीवरून जात नाही पण खिडकीतून दिसतो ते. रविवारी चर्चला जाणारे, कारण त्यांची सकाळ वाया जाते. आणि न जाणारे, कारण त्यांनी भेदभावाची तक्रार केली.

गेल्या हंगामाची आकडेवारी बोलकी आहे. पासधारक चारशे बारा. सवलतधारक चारशे अकरा. पूर्ण किंमत बाराशे चाळीस डॉलर, आणि कागदोपत्री कोणी काहीही असलं तरी फिरून-फिरून जवळजवळ प्रत्येकाला पास पडतो पावणेचारशेच्या आसपास. 'निम्म्याहून कमी किमतीत मिळाला,' असं मानणारे शंभर टक्के, त्यातून एक वजा.

तो एक म्हणजे ऑल्डन व्हिचर.

ऑल्डन धुराडी बांधतो आणि साफ करतो. तो तीस वर्षांपूर्वी शेजारच्या राज्यातून इथे आला, म्हणजे गावच्या मते नुकताच. वय एकसष्ट, दोन्ही गुडघे स्वतःचे, मूलबाळ नाही, घर दरीच्या भलत्याच अंगाला, त्यामुळे खिडकीतून डोंगर दिसत नाही. लिफ्टला तो दर शरदात ग्रीस लावतो, पण लावल्यावर नाव नोंदवायला येत नाही, आणि नाव नसेल तर ग्रीस लागलं असं समितीला मानता येत नाही. सभेत तो शेवटच्या बाकावर बसतो आणि काहीच मागत नाही. याबद्दल आम्ही त्याला कधी बोल लावला नाही. असतो एकेकाचा स्वभाव. पास घ्यायला आला की तो पूर्ण रकमेचा चेक लिहितो, 'बर्फ चांगलं पडो' म्हणतो आणि जातो.

ऑल्डनचं महत्त्व नुसत्या रकमेपुरतं नाही. गावच्या वकिलाने (कायदेशीर सल्ला सवलत, वीस टक्के) आम्हाला एकदा बजावलं होतं, 'जी किंमत कोणीच भरत नाही तिला किंमत म्हणत नाहीत, लिओना. ती थाप झाली. निदान एक तरी माणूस ती भरताना दाखवता आला पाहिजे. तो नसला तर तुमच्या सगळ्या सवलती खोट्या.' म्हणजे गावातल्या चारशे अकरा लोकांचं सुख एका धुराडेवाल्याच्या सहीवर उभं होतं. आम्ही त्याची प्रकृती जपायचो. तो खोकला तरी लिओना चौकशीला जायची.

अशात ऑल्डन आणि मॅरिएटाने लग्न करायचं ठरवलं.

याची कुणकुण आम्हाला लागायला हवी होती. शेडचं धुराडं साफ करायला ऑल्डनने एका हिवाळ्यात जेवढा वेळ लावला तेवढ्यात तीन नवी धुराडी उभी राहिली असती. पण आम्ही समजलो, काम चोख करतोय. मॅरिएटा विधवा, वय एकोणसाठ, हसायला लागली की स्वयंपाकघरातली भांडीही हसतात असं वाटावं अशी बाई. तिने सूप वाढता वाढता सगळ्यांना तारीख सांगितली, ऑक्टोबरची. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि वाजवता वाजवता माझ्या लक्षात आलं की टेकडीच्या नोकरांच्या नवऱ्या-बायकोला पास फुकट असतो.

समितीची तातडीची बैठक लिओनाच्या दुकानात, रंगाच्या डब्यांमध्ये झाली. ऑल्डनला बोलावून घेतलं.

'ऑल्डन, तुझ्या लग्नाला कोणाचाही विरोध नाही,' लिओना म्हणाली.

'बरं.'

'फक्त हंगाम उरकल्यावर कर. एप्रिलात कर की.'

'एप्रिलात चिखल असतो. पाहुणे यायचे कसे?'

'मग मे.'

'मे महिन्यात चावऱ्या काळ्या माश्या. नवरी फोडून काढतील.'

'जून घे बाबा. जूनसारखा महिना नाही.'

ऑल्डनने थोडा विचार केला. 'पण लिओना, जूनमध्ये केलं तरी डिसेंबरात मी तिचा नवराच असणार ना?'

हा मुद्दा समितीच्या ध्यानात आलेला नव्हता. तो मी इतिवृत्तात नोंदवून घेतला. शेवटी असं ठरलं की पूर्ण किंमत भरणारा दुसरा योग्य माणूस मिळेपर्यंत, टेकडीच्या व्यापक हितासाठी, उभय पक्षांनी विवाह स्थगित ठेवावा. ऑल्डन 'मॅरिएटाला विचारतो' म्हणाला. मॅरिएटा म्हणाली, 'एक हिवाळा थांबू, गावाचं काम आहे.' माणसं चांगली असली की गाव त्यांच्याकडून काय काय करून घेतं, याचं हे उदाहरण शाळेत शिकवायला हरकत नाही.

दुसरा माणूस शोधण्यात आम्ही कसूर केली नाही. न्यूयॉर्कहून एक जोडपं इथे घर घेऊन राहायला आलं. गाडी मोठी, कुत्रा लहान, सगळी लक्षणं उत्तम. पण अर्ज भरता भरता बाईंची पणजी इथलीच निघाली. मग बॉस्टनचा एक दंतवैद्य आला. त्याने पैशाचं पाकीट बाहेर काढलं, तेवढ्यात शेडच्या निसरड्या पायरीवरून घसरला आणि गुडघ्याच्या सवलतीला पात्र झाला. एका गृहस्थाने पूर्ण किंमत ऐकून आनंदाने मान डोलावली. तो ऐकू न येणारा निघाला, आणि त्यालाही वेगळी सवलत आहे.

असे दोन हिवाळे गेले. ऑल्डनने दोन्ही वेळा चेक लिहिला, फक्त 'बर्फ चांगलं पडो' म्हणायचं सोडलं. मॅरिएटाचं हसणं कमी झालं. संध्याकाळी लिफ्ट बंद झाली की ती दोघं शेगडीशी बसायची, आणि मग आपापल्या गाडीतून दोन वेगळ्या रस्त्यांनी घरी जायची. मला त्यांच्याकडे बघवायचं नाही. हे मी इतिवृत्तात लिहिलं नाही, तशी तरतूद नाही, पण फार वाईट वाटायचं.

या वर्षीची सभा नेहमीप्रमाणे शेडमध्ये भरली. दाराशी चिखलाच्या बुटांचा ढीग, बायकांच्या हातात विणकाम, आणि लोकांचं अर्धं लक्ष स्वयंपाकघराकडे. पण वास येईना. सभेच्या सुरुवातीलाच मॅरिएटा ॲप्रनशिवाय बाहेर आली.

'आज सूप नाही,' ती म्हणाली.

लिफ्टची दोरी तुटल्याची अफवा उठली होती तेव्हाही सभा इतकी हादरली नव्हती.

'अगं, पण आम्ही जेवून नाही आलो,' मागून कोणीतरी म्हणालं.

'मीही दोन वर्षं थांबलेय. तुम्ही तासभर थांबा. मला या माणसाशी लग्न करायचंय, तुमच्या दरपत्रकाशी नाही. आता काय ते मिटवा, मग मी चूल पेटवते.' आणि ती जाऊन शेवटच्या बाकावर ऑल्डनच्या शेजारी बसली.

मग तीस वर्षांत पहिल्यांदा ऑल्डन व्हिचर सभेत उभा राहिला. खिशातून चुरगळलेली कागदी पिशवी काढली, तिच्यावर त्याने आकडे मांडले होते.

'मला सवलत नको,' तो म्हणाला. 'मी एवढंच म्हणतो, सगळ्यांना एकच किंमत ठेवा. शे-दीडशे प्रकारचे रंगीत पास छापायचे, गुडघ्यांचे एक्स-रे तपासायला शहरातून डॉक्टर आणायचा, कोणाच्या खिडकीतून काय दिसतं ते बघायला माणूस पाठवायचा, हे सगळं वाचेल. मी हिशेब केलाय. प्रत्येकाला साडेतीनशे पडतील. आत्ता भरता त्याच्यापेक्षा कमी.'

लोकांनी विणकाम थांबवलं. वकिलाने पिशवी मागून घेतली, दोनदा पाहिली आणि परत दिली.

'कोणाचा विरोध?' लिओनाने विचारलं. सवयीने विचारलं, असं ती नंतर म्हणाली.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. ऑल्डन समोर उभा होता, आणि त्या खोलीत असं एकही घर नव्हतं ज्याचं धुराडं त्याने साफ केलेलं नव्हतं. हात कोणाचाच वर झाला नाही. समान किमतीचा ठराव एकमताने मंजूर झाला. मी इतिवृत्तात वेळ टाकली. मॅरिएटा स्वयंपाकघरात गेली, आणि चूल पेटल्याचा आवाज आला.

तेवढ्यात डेल्बर्ट ऑरकट काठी टेकत उठला. डेल्बर्ट आमच्यातला सर्वांत जुना स्कीवाला, दोन्ही गुडघे बदललेला.

'माझा विरोध नाही बरं का,' तो म्हणाला. 'समान किंमत ही हवीच होती. पण मला एक सांगा, आता माझी सवलत किती?'

'काहीच नाही, डेल्बर्ट. सगळ्यांना साडेतीनशे.'

'म्हणजे मी पूर्ण किंमत भरायची?'

'पूर्ण किंमतच साडेतीनशे आहे ना.'

'पण पूर्णच ना?' डेल्बर्टने काठी आपटली. 'या वयात? मग गुडघे काय मी हौसेने बदलले?'

डेल्बर्टला तीस टक्के द्यावेत अशी सूचना आली. त्याच्या समोर कोण विरोध करणार? मंजूर. मग चर्चला जाणारे उठले, आणि ते उठले म्हणून न जाणारे उठले. खिडकीवाले उठले. पणजी इथलीच असलेली न्यूयॉर्कची बाई उठली. दंतवैद्य बॉस्टनहून फोनवर हजर होता. दर खेपेला लिओना विचारायची, कोणाचा हात वर व्हायचा नाही, आणि मी किंमत वर न्यायचो. समान किंमत जिवंत होती तोवर फार चांगली होती. तिच्या आड येणारं एकही वाक्य सभेत बोललं गेलं नाही, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवलं आहे. सूपला उकळी फुटली तेव्हा पूर्ण किंमत तेराशे दहावर पोचली होती. शेवटी समान किमतीची कल्पना मांडल्याबद्दल ऑल्डनलाही दहा टक्के सवलत द्यावी असं डेल्बर्टनेच सुचवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ऑल्डन अजून उभाच होता, आणि त्याने मान हलवून ती सवलत नाकारली. त्याने पिशवीची घडी केली आणि खिशात घातली. मला वाटलं, आता हा बसेल आणि पुन्हा कधी तोंड उघडणार नाही.

'आणखी एक ठराव आहे,' तो म्हणाला. 'शनिवारी मी आणि मॅरिएटा लग्न करतोय. इथेच, शेगडीसमोर. कोणाचा विरोध?'

वकील छताकडे बघू लागला. मी खोलीभर नजर फिरवली. टेकडीचं अख्खं दरपत्रक त्या क्षणी टांगणीला लागलेलं होतं, आणि प्रत्येकाला ते कळत होतं. पण हात वर करायचा तर ऑल्डनच्या तोंडावर करायला हवा होता, आणि आतून मॅरिएटा डाव घेऊन दारात येऊन उभी राहिली होती.

ठराव मंजूर झाला. माझ्या कारकिर्दीत मी इतक्या आनंदाने दुसरा कोणताही ठराव लिहिलेला नाही. शनिवारी चिखल होता, पाहुणे ट्रॅक्टरमधून आले, आणि नवरीचे बूट शेवटपर्यंत सापडले नाहीत. भांडी पुन्हा हसायला लागली.

आता ऑल्डनचा पास फुकट आहे. त्यामुळे हॅकेट्स नॉच स्की टेकडीवर पूर्ण किंमत भरणाऱ्याची एक जागा तातडीने भरायची आहे. उमेदवार गावात किंवा गावाच्या वाटेवर जन्मलेला नसावा. त्याची पणजी इथली नसावी. दोन्ही गुडघे मूळचे असावेत. त्याच्या खिडकीतून आमचा डोंगर दिसत नसावा. स्की येत असलंच पाहिजे अशी अट नाही. येत नसेल तर उत्तमच, लिफ्टवर गर्दी होणार नाही. आम्ही जवळपासचे सगळे प्रदेश पालथे घातले आणि अखेर जिथे आमचं कोणीही सोयरं निघणार नाही अशा भाषेत ही हकीकत प्रसिद्ध करायचं ठरवलं. मराठी वाचक सर्व अटींत चपखल बसतो, असा समितीचा एकमुखी निर्वाळा आहे.

रक्कम तेराशे दहा डॉलर. बदल्यात शेडच्या भिंतीवर नाव, सूप एक वाटी, आणि चारशे बारा अनोळखी माणसांचा हिवाळाभराचा आनंद. चेक पाठवलात की आम्ही आपले ऋणी राहू. काही कमी करून हवं असेल तर तसंही कळवा. सभेपुढे ठेवू, आणि विरोध कोणीच करणार नाही याची खात्री बाळगा. फक्त मग आपण आमच्या कामाचे राहणार नाही. आमच्या आधीच्या जाहिराती वाचून पुष्कळ पत्रं आली, पण प्रत्येकात थोडी सवलत मागितलेली होती, त्यामुळे एकही कामाचं निघालं नाही. म्हणून उत्तर लिहिण्याआधी जरा स्वतःशीच बघा, मनात किती टक्के धरले होते ते.